मैनाबाईची भिंत व भूकंपाची प्रत

जमीन हलली म्हणून भूकंप होत नाही. तशी नोंद व्हावी लागते. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हा हे शास्त्र आमच्याकडे फार पुढं गेलं होतं. (भूकंप मोजायचं यंत्र अमरावतीत नव्हतं, अकोल्यातही नव्हतं. त्यामुळे ते बिघडायची भीती नव्हती.)

एका दुपारी अंजनगाव सुर्जीत जमीन हलली आणि वांगी पिकवून विकणाऱ्या मैनाबाईची मागची भिंत पडली. आठ दिवसांत नागपूरहून धक्क्याची प्रत, म्हणजे पायरी, ठरवायचा छापील तक्ता आला. टांगलेली वस्तू हलली तर तिसरी प्रत, भांडी पडली तर पाचवी, भिंत पडली तर सातवी. सातव्या प्रतीला परतवाड्याकडच्या सरकारी जंगलातले चाळीस बांबू मिळणार होते. मैनाबाईला ते पावसाळ्याआधी हवे होते. घरात सुनेचे दिवस भरत आले होते.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष वामनराव वकील, सभासद पटवारी नत्थुजी आणि लिहायला मी. आधी कारण ठरवलं. शेषनागानं मान हलवली, या बाजूला एक मत. सातपुड्यातला खडक सरकला, या बाजूला एक. अध्यक्षांनी आपलं जादा मत खडकाला दिलं. शेषनागाची हरकत आली नाही.

मग मोजणी. वामनरावांच्या ओसरीवरचा झोपाळा तालुक्यात सर्वांत भरवशाचा. धक्का बसला तेव्हा ते त्यावरच लवंडले होते आणि त्यांची झोप मोडली नाही. झोपाळा तेवढा हलला. म्हणून तिसरी प्रत.

"अन् माही भिंत?" मैनाबाईनं विचारलं.

"तिसऱ्या प्रतीत भिंत पडत नाही, बाई," नत्थुजी म्हणाले. "तक्त्यात लिवलं हाये."

"मंग पडली कावून?"

"तेच तर तुले विचारून राहिलो आमी!"

एवढ्यावर बाई गप्प बसली नाही, हे खेदानं नमूद करतो. "चाला न घरी, डोळ्यानं पाहा. सुनेले उघड्यावर बाळंत करू काय?" म्हणाली. अहो, पालथ्या घड्यावर पाणी! समितीला जागेवर जायचं तर प्रत आधी सातवी असावी लागते. तेव्हा भिंत स्वतःच्या मर्जीनं पडली, असा निष्कर्ष आम्ही एकमतानं काढला.

अहवालाला तीन साक्षीदार लागतात. पक्क्या घरात राहणारे, बाईच्या नात्यातले नसलेले आणि धक्का मुळीच न जाणवलेले. दोन लगेच मिळाले. (गावात पक्की घरं तेवढीच.) तिसरी जागा कोरी आहे. आपण घरी निवांत बसून इथवर वाचलंत, मधूनमधून हसलातही. फार उपकार झाले. इथं सही करा.