हात वर न होणारी चौदा जॅकेटं

एकदम चौदा गिऱ्हाइकं दुकानात आली तर कुठल्याही टेलरला आनंद व्हायला हवा. मास्तरांना घाम फुटला. कारण चौदाच्या चौदा जण विशी-बाविशीचे, दंडांनी भरलेले आणि डोक्याचा पार चकोट केलेले होते. आठ जण कसेबसे आत मावले, बाकीचे फुटपाथवर ओळीनं उभे राहिले. त्यातला सगळ्यांत उंच, मानेवर कोळी गोंदवलेला पोरगा पुढे झाला.

"काका, चौदा काळी जॅकेटं शिवायची आहेत. पाठीवर एक मूठ, आणि तिच्याखाली 'गल्ली आमची' असं मोठ्या अक्षरांत. पुढच्या गुरुवारपर्यंत होतील?"

पोरगा 'काका' म्हणाला, तिथेच मास्तर सावध झाले. गुंड दारात येऊन नावानं ओरडला तर निदान कळतं तरी, की याला काय हवंय. 'काका' म्हणणाऱ्याचं काय समजायचं? त्यात ही पोरं आत येताना पायपुसण्याला बूट पुसून आली. मापं घेताना एकानं मास्तरांच्या हातून पडलेला खडू उचलून दिला, दुसऱ्यानं "पंखा लावू का तुम्हाला?" असं विचारलं. मास्तरांचा संशय तिथे पक्का झाला. एवढं गोड कोणी उगाच वागत नाही.

आता मास्तरांचा स्वभावच संशयी, हे खरं. पण तो काही जन्मजात नव्हता. बाहेरच्या देशातून इथे येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि दर पाच वर्षांनी मुक्कामाचा परवाना नवा करून घ्यावा लागत होता. या खेपेला फॉर्मवर एक नवीन रकाना आला होता: शेजारचा एक स्थानिक रहिवासी, जो अर्जदाराला दहा वर्षांहून जास्त काळ ओळखतो, त्याची सही. शेवटची तारीख पुढच्या शनिवारची. सही नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर दुकान नाही, आणि दुकान नाही तर नवराबायकोनं दोन बॅगा घेऊन जायचं कुठे?

नुसती एक सही. पण मास्तरांना अकरा वर्षांत सही मागावी असा एक माणूस सापडेना. कोपऱ्यावरचा न्हावी हसतो, पण हसताना डोळे हसत नाहीत. वरचा भाडेकरू जिन्यात भेटला की घड्याळ बघतो. आणि समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या आजी? त्यांचं तर नावच काढायला नको. त्या दिवसभर खिडकीत बसून दुकानाकडे टक लावून बघत. शिलाई मशीनच्या आवाजाबद्दल नगरपालिकेकडे एक निनावी तक्रार गेली होती, ती त्यांचीच, अशी मास्तरांची खात्री होती. पुरावा काय, तर चेहरा.

तर चौदावं माप झालं आणि कोळीवाला पोरगा फोन कानाला लावून बाहेर गेला. मास्तरही टेप गुंडाळत दारापाशी गेले. ऐकायला नव्हे, सहज.

"हो हो, पुढच्या शुक्रवारी दुपारी दोनला," पोरगा फोनवर सांगत होता. "आधी टेलरची काच फोडायची, मग त्याला बाहेर ओढायचा. गल्लीतलं कोणी मध्ये पडणार नाही, ते पक्कं आहे."

मास्तरांची पाचावर धारण बसली. ज्याची छाती बेचाळीस इंच आहे हे आपण आत्ताच आपल्या हातानं लिहून घेतलं, तो आपल्याला कधी आणि कसं ओढणार हेही ठरवून मोकळा झाला होता.

संध्याकाळी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती काज-बटणांचं काम करायची आणि मास्तरांच्या दहा संशयांपैकी नऊ तिथल्या तिथे कापून टाकायची. हा मात्र तिलाही कापता येईना. पोलिसांत जा म्हणाली. मास्तर म्हणाले, अर्ज द्यायचा असताना आपलं नाव पोलिसांच्या वहीत नको. का आलं ते कोणी वाचत नाही, आलं एवढंच बघतात. मग काम नाही म्हणून सांगा, असं तिनं सुचवलं. मास्तर म्हणाले, नाही म्हटलं तर शुक्रवारपर्यंत थांबायचं त्यांना काय कारण उरलं?

"म्हणजे मारायला येणाऱ्यांचे कपडे मार खाणाऱ्यानंच शिवायचे," बायको म्हणाली. "वर फिटिंग चांगलं यायला हवं."

हे वाक्य मास्तरांच्या डोक्यात रात्रभर फिरलं, आणि सकाळी कात्री हातात घेतल्यावर त्यांना उपाय सुचला. टेलरच्या हातात दुसरं असतंच काय? बाही खांद्याला जिथे जोडतात त्या घेराला मुंढा म्हणतात. हा मुंढा दोन इंच खाली उतरवायचा आणि बाही अंगासरशी अरुंद बेतायची. हात खाली सोडून उभं राहिलं तर जॅकेट असं बसतं, की आरशापुढून हलू नये. पण हात वर न्यायला गेलं की खांद्याच्या रेषेला अडकलाच. नवीन कारागिराकडून ही चूक होते आणि त्याला शिव्या बसतात. मास्तरांनी ती चौदा वेळा केली, मन लावून, आणि उसवू नये म्हणून दुहेरी टीप मारली. काठी असो की दगड, हात वर गेला तर मारणार ना!

आठवडाभर मशीन चाललं. समोर आजी खिडकीत होत्याच. पोरं अधूनमधून येऊन कापड बघून जायची, आणि ती आली की आजी खिडकीतून आणखी पुढे वाकायच्या. ही म्हातारी त्यांना सामील आहे, असं मास्तरांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, टोळीत घेतील कशाला? मास्तर म्हणाले, नजर ठेवायला.

गुरुवारी कोळीवाल्यानं जॅकेट घालून बघितलं आणि खूश झाला. तो हात उचलणार तोच मास्तर घाईनं पुढे झाले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात खाली दाबले. चांगला कपडा अंगावर असला की माणसानं हात खालीच ठेवावेत, असा आमच्या धंद्यातला नियम आहे, असं त्यांनी ठोकून दिलं. पोरानं मान डोलावली. "लक्षात ठेवीन, काका," म्हणाला.

शुक्रवार उजाडला. दुपारी एक वाजता दोन कामगार आले, दुकानाची काच चौकटीतून सोडवून त्यांनी भिंतीशी नीट टेकवून ठेवली आणि तिच्या जागी दुसरी बसवायला घेतली. मास्तर चक्रावले. काच फोडायच्या आधी ती काढून ठेवणारी शिस्तीची टोळी त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

"ही नकली आहे," कामगार म्हणाला. "फुटली तरी लागत नाही. तुमची संध्याकाळी परत बसवून देऊ. पत्र मिळालं ना तुम्हाला?"

पत्र मिळालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी दाराखालून सरकलेला लिफाफा मास्तरांनी मशीनच्या खणात तसाच टाकला होता, कारण त्यावर नगरपालिकेचा शिक्का होता. शिक्क्याचं पत्र उघडलं नाही तोवर आलंच नाही असं समजायचं, ही परदेशात राहून लागलेली सवय. आता त्यांनी ते फोडलं. या गल्लीत एका चित्रपटाचं चित्रीकरण होणार आहे, असं त्यात होतं. बाहेरून आलेल्या लोकांना हुसकावून लावणाऱ्या तरुणांच्या टोळीची गोष्ट. टेलरवरच्या हल्ल्याचा प्रसंग शुक्रवारी दोन वाजता. टेलरचं काम नट करील. रहिवाशांनी घाबरू नये.

मास्तर मटकन स्टुलावर बसले. जीव वाचला म्हणून हसावं, की चौदा जॅकेटांची वाट लावली म्हणून रडावं, हे त्यांना कळेना. ते धावत बाहेर गेले. पण तोवर दोरी लागली होती, कॅमेरा खांबावर चढला होता आणि कानात यंत्र घातलेली एक बाई ज्याला त्याला गप्प करत होती. मास्तरांनी तोंड उघडलं की ती ओठांवर बोट ठेवायची. बाह्यांचं जरा बघायला हवं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तेवढंच राहून गेलं.

दोन वाजले. दिग्दर्शकानं इशारा केला आणि चौदा पोरं आरडाओरडा करत दुकानावर चालून आली. दारात टेलर झालेला नट थरथरत उभा होता. कोळीवाल्यानं काठी उगारली, म्हणजे उगारायला गेला. हात खांद्यापाशी येऊन थांबला. त्यानं जोर लावला तर जॅकेट बेंबीच्या वर गेलं. बाकीच्यांचंही तेच. चौदा आडदांड पोरं फडताळाच्या मधल्या कप्प्यातली बरणी काढायला आल्यासारखी दिसू लागली. दिग्दर्शक ओरडत होता, "मारा ना! वर घ्या हात!" टीप दुहेरी होती. एकही टाका निघाला नाही.

आणि तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं.

आजी बाहेर आल्या, घरातल्या चपला घालून, हातात लांब दांड्याचा झाडू घेऊन. दोरीखालून वाकून आत शिरल्या आणि पहिला दणका त्यांनी कोळीवाल्याच्या चकोट डोक्यावर दिला. पोरानं डोकं झाकायला हात वर नेला, पण तो गेला तर पाहिजे! मग दुसरा, तिसरा. अंगावर झाडू येतोय आणि हात खांद्यापाशी अडकलेले, अशी ती टोळी गल्लीतून पळत सुटली. आजी हसल्या नाहीत, दमल्या नाहीत. "माझ्या समोरच्या दुकानाला हात लावता? लावा बघू!" एवढंच म्हणत त्या एकेकाला गाठत होत्या.

दिग्दर्शक धावत आला आणि हात जोडून त्यांना समजावू लागला, की आजी, हा सिनेमा आहे, पत्र पाठवलं होतं ना?

"वाचलंय मी पत्र," आजी म्हणाल्या. "असंच लिहून आणतात. आठवडाभर बघतेय मी या टकल्यांना, रोज येऊन दुकान बघून जातात. सिनेमावाले एवढे साधे दिसतात होय?"

"पण आजी, या प्रसंगात गल्लीतलं कोणीच मदतीला येत नाही. गोष्टच तशी आहे."

"मग दुसऱ्या गल्लीत जाऊन करा," आजी म्हणाल्या आणि झाडू टेकून मध्येच उभ्या राहिल्या.

आजींना दाराआड बसवायला पाऊण तास लागला. बाह्यांचा दोष मास्तरांनी स्वतःच कबूल केला, कारणासकट. दिग्दर्शक आधी लाल झाला, मग खरा टेलरसुद्धा घाबरला म्हणून तीन महिने तालीम केलेल्या आपल्या टोळीकडे त्यानं कौतुकानं बघितलं. दुकानात बनियनवर बसलेली चौदा पोरं बायकोनं केलेला चहा प्यायली आणि मास्तरांनी प्रत्येक काखेत एकेक तुकडा जोडून हात मोकळे केले. पाच वाजता हल्ला पार पडला. कोळीवाला तेवढा झाडूच्या आठवणीनं जरा वाकून चालत होता.

मास्तरांना त्या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट खात होती. अकरा वर्षं आपण जिच्याकडे पाठ करून बसलो, ती बाई आपल्यासाठी घरातल्या चपलांवर रस्त्यात उतरली. त्यांना मनापासून लाज वाटली.

शनिवारी सकाळी फॉर्म घेऊन ते समोरचा जिना चढले. आजींनी दाराची साखळी न काढता फटीएवढं दार उघडलं, कागद आत ओढून घेतला आणि दोनदा वाचला. मागची कोरी बाजूही बघितली.

"यात लिहिलंय, मी या माणसाला दहा वर्षं ओळखते. मी कुठं ओळखते तुला?"

बरोबर आहे, असं काहीसं मास्तर पुटपुटले आणि कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"मशीन ओळखते तुझं," आजी म्हणाल्या. "आठला सुरू, एकला बंद, दीडला परत. मागच्या हिवाळ्यात चार दिवस बंद होतं तर मला झोप नाही. म्हटलं, गेली की काय ही माणसं." त्यांनी कागद दारावरच टेकवला. "नाव काय तुझं?"

मास्तरांनी नाव सांगितलं. आजींनी ते सावकाश रकान्यात लिहिलं आणि खाली सही केली, पण सहीचं अक्षर काही लागेना. शेजारी सही करणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायची ओळ रिकामीच होती.

"आणि आजी," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "तुमचं नाव?"

आजींनी पेन थांबवलं. साखळीच्या फटीतून त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुला कशाला हवंय?"