दुपारी शाल लागते

दिगंबरबाबूंनी आयुष्यात एकही निर्णय कागदावर उभी रेघ मारल्याशिवाय घेतला नव्हता. रेघेच्या डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. लग्न ठरवतानाही त्यांनी अशीच रेघ मारली होती आणि तो कागद पुढे सुलभाबाईंच्या हाती लागला होता. पण ती कथा वेगळी, आणि ती सांगायला सुलभाबाईंची परवानगी नाही.

छप्पन साली प्रांतांची उलथापालथ झाली. नागपूरची राजधानी उठली, भोपाळला जाऊन बसली आणि मधल्या साऱ्या कचेऱ्या पत्त्यांसारख्या पिसल्या गेल्या. बैतूलला दिगंबरबाबू ज्या विभागात कारकून होते, तो विभागच बंद झाला. फॉर्म आला: भोपाळ हवं की बुऱ्हाणपूर, कारणांसह कळवा. बाकीच्यांनी डोळे मिटून भोपाळ लिहिलं. राजधानी जवळ असली की बढती जवळ येते, असा त्यांचा हिशेब.

दिगंबरबाबूंना त्यांची कीव आली. त्यांनी दोन दिवसांची रजा काढून स्वखर्चानं बुऱ्हाणपूर गाठलं, तापीच्या घाटापासून मंडईपर्यंत वही घेऊन पायपीट केली आणि परत येऊन फॉर्मवर कारणं लिहिली: "घरभाडे स्वस्त. दूध स्वस्त. केळी जवळजवळ फुकट. हवा थंड, सकाळी शाल लागते." मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोक गाव निवडतात नशिबानं. मी निवडलं अभ्यासानं!"

अभ्यास डिसेंबरात झाला होता, एवढंच काय ते सांगायचं राहिलं.

फेब्रुवारीत बिऱ्हाड आलं. धुरपदाबाई नावाच्या सत्तरीच्या घरमालकिणीनं माडीवरची पत्र्याची खोली दिली. भाडं खरंच स्वस्त होतं. ते का स्वस्त होतं, हे मार्चअखेरीस कळलं. पत्रा असा तापायचा की खाली बसलेल्या माणसाला आपण तव्याखालचे आहोत की तव्यावरचे, हे ठरवता येऊ नये. दाराची कडी धोतराच्या सोग्यानं धरून काढावी लागे. टाक दौतीत बुडवून दिगंबरबाबू 'महोदय' लिहीत, आणि 'सविनय'पर्यंत पोचायच्या आत शाई वाळून जाई.

सुलभाबाईंनी त्रागा केला नाही. त्यांनी फक्त एका दुपारी शांतपणे विचारलं, "ती शाल कुठल्या पेटीत ठेवू?" आणि थोड्या वेळानं, तितक्याच शांतपणे, "वैशाख संपेपर्यंत बदली झाली नाही, तर मी बैतूलला जाते. तुम्ही अभ्यास करत बसा."

बैतूलला सुलभाबाईंचं माहेर होतं आणि त्या माहेरात दिगंबरबाबूंचे तीन मेहुणे होते. त्या तिघांनी भोपाळ निवडा म्हणून आधीच सांगितलं होतं. आता बायको परत गेली असती, तर ते तिघं जन्मभर शाल हा एकच विषय बोलले असते. तेव्हा बदली हवीच होती.

दिगंबरबाबूंनी संतापून अर्ज लिहिला. विषय: सदर शहर अत्यंत उष्ण व महाग असल्याबाबत. चार पानं. अर्जाला फक्त एका स्थानिक घरमालकाची साक्षीची सही लागत होती. त्यांनी कागद नेला धुरपदाबाईंकडे.

बाईंना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, वाचून दाखवा. दिगंबरबाबूंनी मोठ्या आवेशात, हातवारे करत, चारही पानं वाचली. बाई शेवटपर्यंत तुरी पाखडत होत्या. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बाबू, माह्या लग्नाले पंचावन्न वर्सं झाली. मी या गावात तेवढे उन्हाळे काढले. येका उन्हाळ्यानंही तुमच्यावानी तक्रार केली नाही."

"मावशी, उन्हाळा कशाला तक्रार करेल? तक्रार माणूस करतो."

"मंग मानसानं करावी. गावाचं नाव कायले घालता त्यात? आन महाग? आमचं बुऱ्हाणपूर महाग?" बाईंनी कागदासाठी हात पुढे केला. "करते अंगठा. येऊ द्या तुमच्या सायबाले. तोच पाहीन, कोन गरम हाये ते."

अंगठा मिळाल्याच्या आनंदात हे शेवटचं वाक्य दिगंबरबाबूंनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला कळलं की माडीवरच्या बाबूनं सरकारला लिहिलंय, बुऱ्हाणपूर राहण्यालायक नाही. टांगेवाला उखर्डू रस्त्यात टांगा थांबवून म्हणाला, "बाबूजी, हमारे शहर की बदनामी?" आणि त्यांना न घेता निघून गेला. ज्याच्या दुकानाची जिलबी त्यांनी अर्जात 'अवाजवी दराची' म्हटली होती, त्या गोटू हलवायानं तर त्यांच्याकडे पाहणंच सोडलं. दिगंबरबाबूंना याचाही संताप आला. घाम त्यांचा, पैसे त्यांचे, आणि राग गावाला!

मेच्या मध्यावर भोपाळहून तपासणीसाठी मोतीलाल साहेब यायचे ठरले. दिगंबरबाबूंनी बेत आखला. साहेबांना भर बाराच्या उन्हात स्टेशनवरून आणायचं, थेट पत्र्याखाली बसवायचं आणि संध्याकाळी बाजारात फिरवून एकेक भाव ऐकवायचा. तीन घाव, आणि बदली हातात.

गाडी वेळेवर आली. स्टेशनबाहेर उखर्डू उभा होता. टांग्याला वाळ्याचे ओले पडदे, बसायला गादी आणि घोड्याच्या डोक्यावरही ओलं फडकं. साहेब आत बसले आणि हुश्श करून म्हणाले, भोपाळला नव्या कचेरीच्या बराकीत आपण महिनाभर भाजून निघालोय, हे तर काश्मीर आहे. उतरल्यावर त्यांनी पाकीट काढलं. उखर्डूनं कानाला हात लावले. पाहुण्याकडून भाडं? बुऱ्हाणपुरात? साहेबांनी वहीत लिहिलं: वाहनखर्च, शून्य.

दिगंबरबाबू घाईघाईनं म्हणाले, "साहेब, आधी माडीवर चला."

"आधी पानी," दारातून धुरपदाबाई म्हणाल्या, आणि साहेबांना घेऊन गेल्या तळघरात.

या घराला तळघर आहे, हे दिगंबरबाबूंना तीन महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. हातभर जाडीच्या भिंती, शेणानं सारवलेली गार जमीन, कोपऱ्यात पाण्याचे रांजण. साहेबांनी पन्ह्याचे तीन पेले घेतले, पानभर जेवले आणि आडवे झाले. तासाभरानं खालून आवाज आला, "माताजी, कोई चादर मिलेगी? जरा ठंड लग रही है."

धुरपदाबाईंनी जिन्यातून हाक दिली, "सुनबाई, तुमची ती शाल आना वं खाली!"

सुलभाबाई पेटीतली शाल घेऊन नवऱ्याच्या समोरून जिना उतरल्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. तो कटाक्ष अर्जाच्या चार पानांपेक्षा परिणामकारक होता. मग त्या खालीच थांबल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत.

साहेब चार वाजता उठले. दिगंबरबाबू त्यांना जवळजवळ ओढतच माडीवर घेऊन गेले. दार उघडलं, तर आत गारवा. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. दिगंबरबाबू स्टेशनवर गेल्यावर जवळच्या बहादरपूर गावाहून गाडीभर केळीची पानं आणून ती पत्र्यावर हातभर जाड अंथरली होती, आणि मोहल्ल्यातल्या बाया दुपारभर त्यांवर घागरी ओतत होत्या. खिडकीतून हिरवा उजेड येत होता.

"साहेब, ही पानं आजच घातलीत! रोज इथे भट्टी असते!"

"बहुत सुंदर कमरा है," साहेब म्हणाले.

उरला बाजार. गोटू हलवायानं मावा जिलबी तोलली आणि भाव सांगितला चार आणे शेर. वर, नवे पैसे असतील तर वीसच द्या, म्हणाला. दिगंबरबाबूंचा आवाज चढला. "अरे, काल मला सव्वा रुपया सांगितलास!"

गोटूनं इतक्या दिवसांनी प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं. "काल तुमी होते, बाबू. आज पाहुना हाये."

केळीवालीनं तर पैसेच घेतले नाहीत. साहेबांना दोन फण्या हातात घेऊन चालणं जड झालं, तेव्हा त्या दिगंबरबाबूंनी धरल्या. केळी जवळजवळ फुकट असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं. आता ती पुराव्यासारखी त्यांच्याच हातात लोंबत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. मजकूर असा: "अर्जदाराने डिसेंबरात स्वतः लिहून दिल्याप्रमाणे या शहरात सकाळी शाल लागते. मे महिन्यातील तपासणीत दुपारीही शाल लागत असल्याचे आढळले. म्हणजे हवामानात सुधारणाच झाली आहे. शहर स्वस्त व थंड. बदलीचे कारण दिसत नाही. अर्जदारास येथेच कायम करण्यात येत आहे."

दिगंबरबाबूंनी तो कागद तीनदा वाचला आणि जड पावलांनी सुलभाबाईंना सांगायला निघाले, की बैतूलची पेटी भरा. सुलभाबाई तळघरात धुरपदाबाईंसोबत कुरडयांचा चीक घोटत होत्या. खाली त्यांची वळकटी होती, पाण्याचा तांब्या होता, देवाचा फोटोसुद्धा होता.

"बैतूल कशाला?" त्या म्हणाल्या. "मी पाऊस पडेपर्यंत खालीच आहे. मावशींनी बोलावलंय."

"आणि मी?"

"तळघरात बायकांचं राहनं असते, बाबू," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुमी वरतीच बरे. आन हो, तो सरकारी कागद मले वाचून दाखवा."

दिगंबरबाबूंनी वाचून दाखवला. या वेळी हातवारे नव्हते. बाईंनी 'स्वस्त व थंड' हे शब्द दोनदा म्हणायला लावले आणि समाधानानं मान हलवली.

"म्हंजे सरकारनंच लेहून देलं, जागा थंड हाये. मंग पुढच्या महिन्यापासून भाडं दोन रुपये जास्त. पत्र्याच्या खोलीचं घेत होती मी आतापरंत. थंड खोलीचं कसं घेईन तेवढंच?"

दिगंबरबाबू माडीवर आले. केळीची पानं केव्हाच वाळून करकरीत झाली होती. त्यांनी कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली. उजवीकडे लिहिलं, "भाडे: वाढले." टाक दौतीत बुडवून डावीकडे लिहिलं, "हवा:" आणि योग्य शब्द आठवेपर्यंत शाई वाळली.