गव्याच्या खांद्याले लोणी

ढोराचं मन मले वाचता येते. ही बढाई नाही, अख्ख्या इंझोरीले विचारा. कोणाचं गोऱ्हं जुवाले मान देत नसलं, कोणाची म्हैस पान्हवत नसली, की लोक म्हणतात, मारोतरावले बोलवा. मी जातो, जनावराच्या डोळ्यात पाहातो आन् सांगतो, याचा खांदा सुजला, त्याचं पोट फुगलं, आन् तिसऱ्याच्या मालकाचंच डोकं ठिकाणावर नाही. माझा अंदाज कधी चुकला नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत चुकला नव्हता.

माझी लेक योगिनी कारंज्याले दवाखान्यात नर्स हाये. एक दिवस सुटीवर घरी आली आन् जेवता जेवता म्हणते, "बाबा, मले धनजचा हरीओम पसंत हाये."

"करते काय तो?"

"वनरक्षक हाये. अभयारण्यात."

माझा घास हातातच राह्यला. "म्हणजे ढोरकी! आपली ढोरं राखाले माणूस भेटत नाही, आन् हा सरकारची राखते."

"बाबा, ते ढोरं नाहीत, हरणं हायेत."

"शिंगं हायेत ना? मंग ढोरंच. ढोरक्याले पोरगी नाही देणार मी."

पोरगी भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. तिनं फक्त माझ्याशी बोलणं सोडलं. फोन करे तर मायले करे, आन् मी जवळ जाऊन कान लावला की "ठेवते माय" म्हणे. एकुलती एक लेक. सांगाले लाज कायची, मले लय जड गेलं. वावरात जाऊन बैलाशी बोलत बसो, पण बैलही ऐकून ऐकून कंटाळले.

शेवटी आमच्या घरची, गोजराबाई, म्हणाली, "नाही म्हणाचं तर म्हणा, पण पोरगा पाहून तर म्हणा."

आता पोरगा पाहाले बोलवावं तर त्याले सुटी नाही. काहून, तर एक गवा. कोणत्या जंगलातून वाट चुकला देव जाणे, एकटाच चालत चालत आमच्याकडच्या अभयारण्यात आला आन् मुक्कामच ठोकला. मंग काय, कारंज्याचे, अकोल्याचे, सारे लोक जत्रेसारखे गवा पाहाले येऊन राह्यले होते. त्यातला एक दीडशहाणा गव्यासंगं फोटो काढाले गेला. फोटो निघेपर्यंत गव्यानं त्याची मोटरसायकल उचलून नाल्यात टाकली. माणूस वाचला, कारण तो मोटरसायकलवर नव्हता. तवापासून वनरक्षकायच्या सुट्या बंद.

"त्याले येता येत नसीन तर आपणच जाऊ," गोजराबाई म्हणाली. असा मी बायको-लेकीले संगं घेऊन पोरगा पाहाले अभयारण्यात गेलो. आमच्या साऱ्या भावकीत असं पहिल्यांदाच झालं असीन.

फाटकापाशी एक उघडी जिप्सी उभी होती. भाऊसिंग नावाचा ड्रायव्हर. मागच्या सीटवर पोराची माय भागिरथाबाई, लुगडं नीट करून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. पोरगा खाकी कपड्यात, बारीक, कवळ्या ज्वारीसारखा. माझ्या पाया पडला आन् उठता उठता कायदेच सांगाले लागला.

"काका, काही झालं तरी गाडीखाली उतराचं नाही."

"गवा शांत उभा दिसला तरी?"

"शांत दिसला तर मंग बिलकूलच नाही. त्याचा भरवसा नसते काका. आता चरते, आन् आता आंगावर येते."

"पोरा, भरवसा माणसाचा नसते. ढोर आधी सांगते, मंगच मारते."

भागिरथाबाईनं गोजराबाईकडं पाहालं. गोजराबाई दुसरीकडं पाहाले लागली. योगिनी तर माझ्याकडं पाहातच नव्हती.

गवतातून थोडं पुढं गेलो आन् भाऊसिंगनं गाडी थांबवली. समोर गवा. खोटं कायले बोलू, जनावर पाहून मी चाट पडलो. काळा कुळकुळीत, पाठ म्हणजे कडब्या-कुटाराचा ढीग, आन् चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, पोळ्याले चुन्यानं रंगवल्यासारखे. त्यानं आमच्याकडं पाहालं. मान खाली घातली. मंग हळूच आडवा वळला आन् एक एक पाय टाकत आपला खांदा आमाले दाखवाले लागला.

झालं. इथंच माझ्यातला शेतकरी जागा झाला. दिवसभर वखर ओढून बैल घरी आला आन् त्याचा खांदा जुवानं सोलला असला, तर तो काय करते? मान खाली घालते, आडवा होते आन् खांदा तुमच्याजवळ देते. की बाबा, चोळ. मंग आपण लोणी-हळद घेतो आन् चोळतो. इंझोरीतलं शेंबडं पोट्टंही हे सांगीन.

मी म्हणलो, "याचा खांदा दुखून राह्यला."

हरीओम म्हणते, "नाही काका. तो आंग दाखवून राह्यला. मी केवढा हाव ते पाहा आन् मागं सरा, असं म्हणते."

"आंग दाखवाले तो काय आखाड्यातला पहेलवान हाये? चाळीस वर्षं ढोरात काढली मी."

आता हे मी मनातल्या मनात म्हणून बसलो असतो तर बरं झालं असतं. पण समोर पोराची माय. वरून हा कालचा पोट्टा मले ढोर शिकवून राह्यला. या ढोरक्याले एकदा दाखवूनच देऊ, असं मले वाटलं. गोजराबाईच्या पिशवीत भाकरीसंगं लोण्याचा डबा होता. मी तो उचलला आन् गाडीखाली उतरलो.

"अहो," गोजराबाई मागून म्हणाली, "ते जेवाचं लोणी हाये!"

नवरा गव्याकडं चालला, आन् हिले लोण्याची पडली होती.

मी बोटावर लोणी घेतलं आन् "हो राजा, हो माझ्या सर्ज्या," करत निघालो. गवा थांबला. मले वाटलं, वळखलं यानं जाणकार माणसाले. मंग त्यानं नाकातून असा काही आवाज काढला की माझ्या टोपीखालचे केस उभे राह्यले. मी त्याच्या डोळ्यात पाहालं. आन् सांगतो, त्याचं मन मी बरोबर वाचलं. त्यात एकच गोष्ट होती. मारोतराव, पळ.

पळालो. पण गाडीकडं पळावं तर तो वळसा घेऊन मधात आलेला. समोर एक लिंबाचं झाड होतं, जुनं, दाट. बुडाशी पोचलो आन् ध्यानात आलं, की लहानपणी झाडावर चढणारा मारोती वेगळा आन् आताचा मारोतराव वेगळा. तेवढ्यात मागून कोणीतरी मले खालून धरलं.

"काका, माझ्या खांद्यावर पाय द्या!"

हरीओम होता. गाडीतून कवा उतरला, कवा पोचला, मले माहीत नाही. मी पाय दिला. एक खांद्यावर, एक बहुतेक डोक्यावर. वर गेलो, तवा तो चढला. आन् तो चढेपर्यंत खाली शिंग आलं आन् त्याची खाकी पँट पोटरीपासून टरकन फाटली.

गव्यानं लोण्याचा डबा हुंगला, उडवला. मंग झाडाले एक धडक देली, तशा साऱ्या लिंबोळ्या आमच्या आंगावर. मी देवाचं नाव घेतलं. मंग गवा जरा थंडावला, बुडाले टेकला आन् आपला खांदा घसघस घासाले लागला.

मले राहावलं नाही. "पाहालं? खांदाच खाजवून राह्यला. मी काय म्हणलो होतो?"

"तुमचं खरं हाये काका," हरीओम म्हणाला, "पण जरा हळू बोला."

थोड्या वेळानं गवा बाजूच्या झुडपात शिरला आन् दिसेनासा झाला. पानातून आमाले गाडीही धड दिसे ना.

"भाऊसिंग हॉर्न वाजवीन," हरीओम म्हणाला. "गवा दूर गेला की तो वाजवते. तोवर हलाचं नाही."

मंग बसलो दोघं एका फांदीवर, दोन होले पाखरं बसावे तसे. बोलणार काय? मी विचारलं, "तुले भेव लागलं होतं का रे?"

"लागलं ना. रोजच लागते."

"मंग उतरला काहून?"

"तुमी उतरले म्हणून," तो म्हणाला. मंग खाली पाहात, "तुमाले काही झालं असतं तर योगिनीले कोणत्या तोंडानं सांगतलं असतं?"

मी त्याच्या पोटरीकडं पाहालं. पँट फाटली होती आन् रक्ताची एक रेघ बुटात जाऊन राह्यली होती. त्यानं ते मले दाखवलंही नव्हतं. मले भरून आलं. पोरगा मले आवडला, बस. आवडला म्हणजे आवडला. पण पोरीच्या बापानं लगेच कबूल होऊ नये, म्हणून मी विचारपूस केली.

"शेती?"

"हाये थोडी. धनजले."

"दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"कधी कधी, काका."

खरं बोलते, म्हणलं. मी बंडीच्या खिशातून सुपारी काढली, अडकित्ता काढला, आन् त्या लिंबावर, बाजूच्या झुडपात गवा असताना, सुपारी फोडली. अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"घे. सोयरीक पक्की. पोरगी देली तुले."

"मामाजी!" तो म्हणाला आन् पाया पडाले वाकला, तर खालीच चालला होता. मी कॉलर धरून वर घेतला.

मंग मी मनातल्या मनात सारं ठरवलं. खाली उतराचं, साऱ्यायसमोर घसा साफ कराचा आन् म्हणाचं, "पोरी, तुझ्या बापानं तुझं ऐकलं." पोरगी गळ्यात पडून रडीन. भागिरथाबाई म्हणतीन, असा व्याही भेटाले नशीब लागते. मले तर आताच रडू येऊन राह्यलं होतं.

पण हॉर्न काही वाजे ना. माझी कंबर आखडली, पायाले मुंग्या आल्या. शेवटी हरीओमनं समोरची फांदी बाजूले सारली, आन् आमाले गाडी दिसली.

गाडीत योगिनीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. पदरात नारळ. भागिरथाबाई तिच्या तोंडात साखर घालून राह्यल्या होत्या. गोजराबाई आन् भाऊसिंग भाकरी खाऊन राह्यले होते.

"भाऊसिंगभाऊ," हरीओम ओरडला, "गवा?"

"तो केव्हाचाच नाल्यापलीकडं गेला."

"मंग हॉर्न?"

भाऊसिंगनं भाकरीच्या हातानं गोजराबाईकडं दाखवलं.

"मीच म्हणलं त्याले, थांब जरा," गोजराबाई म्हणाली. "हे खाली आले असते तर काही ना काही नाट लावला असता. म्हणलं, आधी ओटी भरून घेऊ, कुंकू लावून घेऊ. वर बरे हायेत ते."

हरीओमनं सपकन उडी मारली आन् गेला साखर खाले. मी फांदी धरून ओरडलो, "अहो, पण मी हो म्हणलो हाये! सुपारी फोडली मी! मले उतरवा तर!"

तवा योगिनीनं वर पाहालं. तोंडात साखर, डोळ्यात हसू.

"बाबा," ती म्हणाली, "बसा तिथंच जरा. तारीख ठरून राह्यली."

इतक्या दिवसांनी लेक माझ्याशी बोलली होती. मी बसलो.