मुरुडच्या दाराचं माप

नागनाथकाका तोरणात पोपट बसवतात ते जागा बघून. नुसता दोऱ्यात ओवला, असं चालत नाही. "तू जाडा हायस, कडंला बस. ए, तू पुढं सरक. मधी काय गर्दी करायलात!" असं ते चिंध्यांच्या पोपटांना दरडावून सांगतात. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण त्यांची गाडी अजून चालूच आहे.

लातूरला त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. देगलूरकडच्या खेड्यातून आलो, तेव्हा शहरातली माणसं कशी वागतात हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला वाटलं, लातुरात सगळेच पोपटांशी बोलत असावेत.

होळी झाली की काकांचं काम सुरू होतं. शिंप्याकडून खणाच्या चिंध्या येतात, गावाकडून नव्या ज्वारीची कणसं. दोन पोपट, एक कणीस, पुन्हा दोन पोपट. पाडव्याला ते तोरण दारावर चढतं आणि आठवड्याभरात चिमण्या त्यातली ज्वारी फस्त करतात. काका खूश. "चढले पॅसेंजर!"

त्यांची लेक सुनीता एकदा म्हणाली, "बाबा, बाजारात प्लास्टिकचं तयार मिळतंय."

"मग चिमण्यांनी काय प्लास्टिक खावं का?"

विषय संपला.

यंदा सुनीताला लातूरजवळच्याच मुरुडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. सुनीताला तो मनापासून आवडला होता, हे ती चहात साखर दोनदा घालायला लागल्यावर मलाही कळलं. आता फक्त त्यांचं घर बघून बोलणी पक्की करायची होती. काका मला म्हणाले, "तू चल. शिकलेला माणूस संगं असलेला बरा." मी शर्टाला इस्त्री केली आणि तिथे बोलायला एक वाक्य पाठ केलं.

मुरुडला सगळे आत सतरंजीवर बसले. काका मात्र उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि दाराची चौकट मोजायला सुरुवात केली. खालून जमेना, म्हणून एक खुर्ची ओढून तिच्यावर चढले.

मुलाचे वडील बघतच राहिले. "पाव्हणं, काय करायलात?"

"चौकट मोजायलोय."

"कपाट आणायचंय का? का फ्रीज?" त्यांचा आवाज चढला. "आमी काईच घेणार न्हाई, असं निरोपात सांगितलं होतं ना? आमाला मिंधं करायला आलात? मग राहू द्या ही सोयरीक. बोलणी हितंच थांबली!"

सुनीताचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. शिकलेल्या माणसानं आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं वाक्य बोललो, "आपल्याला भेटून खूप आनंद झाला."

माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

काका खुर्चीवर तसेच, हातात सुतळी. खालच्या आवाजात म्हणाले, "कपाट न्हाई हो. तोरण करायचंय. लेक हितं पैल्यांदा येईल, तवा समदी माणसं नवी. दारात तरी कुणी वळखीचं असावं."

मग आतून मुलाच्या आईचा आवाज आला, "अवो, ती खुर्ची हालायलीय. धरा की!"

वडील उठले. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची धरली. "घ्या, नीट माप घ्या," म्हणाले.

लग्न ठरलं. काकांचं तोरण एरवी दोन दिवसांत होतं. हे मुरुडचं मात्र लग्न तोंडावर आलं तरी झालेलं नाही. रोज संध्याकाळी काका ओसरीत बसून पोपट शिवतात आणि "माप चुकलं" म्हणत दोन-चार उसवून टाकतात. मी एकदा सुतळी लावून पाहिली. भीत भीत म्हणालो, "काका, माप बरोबर आहे."

"तुला काय कळतंय? टायमाच्या आधी गाडी सोडता येत न्हाई."

काल त्यांनी पुन्हा उसवायला घेतलं. सुनीता बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. माप तिलाही माहीत आहे. तिनं सुई घेतली आणि दोरा ओवून त्यांच्या हातात दिली. दोरा चांगला लांब होता.