सेतुरावमामांचा बहिरा उडीद

सेतुरावमामा कुणाच्याही परसातलं झाड आधी उपटतात आणि मग विचारतात, "हे कुणाचं?"

सगळीच झाडं नाही, फक्त शेंगांची. उडीद, चवळी, अवरै म्हणजे आपला वाल. उपटलं की मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी निघाली तर रोप पुन्हा खड्ड्यात खोचून न बोलता पुढं जातात. पांढरी निघाली की मालकाचं काही खरं नाही. "युरिया टाकलात. नाही म्हणू नका. जमिनीतले जिवाणू हवेतला नत्र फुकट आणून देतात, त्यांच्या पोटावर पाय देता?"

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कॉलेजात जनुकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत खालच्या मजल्यावर एकटे राहतात, आम्ही वरच्या. त्यांच्या डोक्यावर आम्ही राहतो आणि त्रास आम्हालाच.

आमच्या परसात वालाचा वेल ऐन फुलावर होता. सकाळी बायको कॉफी घेऊन बाहेर येते तो वेल मामांच्या हातात. "गुलाबी आहे, शाब्बास," म्हणाले. दुपारपर्यंत वेल मेला. बायकोनं महिनाभर त्यांना रसम पाठवलं नाही. ओरत्तनाडूच्या आमच्या शेतावर तर मी त्यांना नेणं सोडलंय. आमच्याकडे भातकापणीच्या आधी उभ्या पिकातच उडीद फेकतात. तो जरा वर आला की मामा बांधावर हजर. आमचा वाटेकरी म्हणतो, "सर, ह्यांच्यापेक्षा गुरं परवडली."

मी ऑडिटर आहे. नासधूस मला सहन होत नाही, आणि जो दुसऱ्याला तपासतो त्याचे स्वतःचे कागद चोख हवेत असं माझं मत आहे. आमच्या गच्चीवर मामांच्या नऊ कुंड्या. त्यातला उडीद कायम पिवळा, खुरटा. एकदा मी सरळ म्हणालो, "मामा, गावाची मुळं तपासत फिरता, आधी तुमची झाडं बघा."

"माप्पिळ्ळे," मामा म्हणाले. जावयाला तमिळमध्ये असं म्हणतात. मामा ते शिवीसारखं म्हणतात. "ती आजारी नाहीत. बहिरी आहेत. उडदाचं मूळ मातीत एक रसायन सोडतं. त्यानं जिवाणूचे जीन जागे होतात आणि तो उलट निरोप पाठवतो. निरोप ओळखला की मूळ त्याला आत घेतं. गाठ म्हणजे त्याचं बिऱ्हाड. ह्यांच्यात निरोप ओळखणारा जीनच मोडलाय. जिवाणू दारात उभा आणि आत कुणाला पत्ता नाही. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मोडका जीन आला तरच असं होतं. संकराच्या दुसऱ्या पिढीत चारात एक. आकडे कळतात ना तुम्हाला?"

आकडे कळले. ह्या वाणाचं बाकीचं बी मामा निवृत्त झाल्यावर कॉलेजनं शीतपेटी रिकामी करताना फेकून दिलं, हेही कळलं. उरलं ते फक्त आमच्या गच्चीवर. हे सांगताना मामा इतके चिडले की त्यांच्या हातातला तांब्या खाली गल्लीत गेला.

पण माझा खरा संताप पुढचा. यंदा कपडे वाळत घालायला गेलो तर मामा पाठमोरे बसून पाण्यात पांढरे दाणे विरघळवत होते. युरिया.

"ह्यासाठी सगळ्या गल्लीला शिव्या घातल्यात?" मी म्हणालो.

"मग उपाशी मारू?" ते माझ्याहून मोठ्यानं ओरडले. "ज्याला आणून देणारा आहे त्याला युरिया कशाला? ह्यांना कोण आहे?"

मी कपडे तसेच बादलीत ठेवून खाली आलो.

पंधरवड्यानं मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. काही दिवस जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. कुंड्यांत शेंगा नुकत्याच धरल्या होत्या. आता झाडं गेली की वाण संपला. गल्लीत मामांशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. ते आमच्या दाराशी आले आणि आत न येता म्हणाले, "पाणी तुम्ही घालायचं. युरिया विरघळवून. कोरडा टाकलात तर मुळं जळतील, मग मी आहे आणि तुम्ही आहात."

"आधी वेलाबद्दल भाचीची माफी मागा."

"वेल चांगला होता," मामा म्हणाले. "फार चांगला होता."

बायकोनं आतून मला मानेनं 'जा' म्हटलं.

ऑपरेशननंतरच्या संध्याकाळी मी घुश्शातच गच्चीवर गेलो. मामा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसले होते आणि खालून हुकूम सोडत होते. "कोपऱ्यातल्याला कमी घाला. पानं भिजवू नका. शेंगा गळल्यात का?"

"एकही नाही. झालं सगळं. येतो खाली."

खालून आवाज आला, मामांच्या मानानं फारच हळू. "जरा बसा तिथं."

"कशाला? काम झालं ना."

"संध्याकाळी मी बसतो त्यांच्याजवळ. अंधार पडेपर्यंत. त्यांना सवय आहे."

"मामा, ती झाडं आहेत."

"माहीत आहे. बसा."

मी बसलो. कठडा अजून तापलेला होता. खाली मामाही उठले नाहीत.