टिल नदीच्या पुलावरचा लाल दिवा

शनिवारी सकाळी उकडलेल्या अंड्याचं टोपण चमच्यानं उडवत लेनर्ड क्रॅबट्री यांनी जाहीर केलं, "दुपारी दोनच्या ठोक्याला आपली रॉझलिंड चर्चच्या दारात उभी असेल. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही!"

डोरीनबाई, म्हणजे त्यांची बायको, टोस्टला लोणी लावत होत्या. "नवरीनं थोडा उशीर करायचा असतो, लेनर्ड."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्याच करतात."

"सगळ्यांचे बाप रेल्वेत नव्हते!"

यावर डोरीनबाईंनी दुसरा टोस्ट घेतला. क्रॅबट्रींनी एक्केचाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले होते. निवृत्त झाल्यावर सांभाळायला सिग्नल उरला नाही, आणि निदर वॉलबरीत तर मुळात एकही सिग्नल नव्हता. गाव मधोमध टिल नदीनं कापलेलं. अलीकडे घरं, पलीकडे चर्च आणि सभागृह, मध्ये एक दगडी पूल, तोही एका गाडीपुरता. दोन्हीकडून गाड्या आल्या की एक जण हात हलवून म्हणायचा, 'तुम्ही आधी.' दुसरा हात हलवून म्हणायचा, 'छे छे, तुम्हीच आधी.' यात कधी कधी दहा मिनिटं जात, पण भांडण कधी झालं नव्हतं. क्रॅबट्रींना मात्र हे पाहवत नसे. त्यांनी जिल्ह्याच्या रस्ते खात्याला चौदा पत्रं लिहिली. शेवटी खातं थकलं, आणि परवा गुरुवारी पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक दिवा उभा राहिला. महिनाभर चाचणी म्हणून! सोबत रस्त्याच्या मधोमध अखंड पांढरी रेघही मारून मिळाली. ती नवव्या पत्रातली मागणी होती.

पावणेदोनला क्रॅबट्रींची हिरवी गाडी पांढरी फीत लावून निघाली. डिकीत तीन मजली केक, पुढे डोरीनबाई नवी टोपी सांभाळत, मागे रॉझलिंड, झग्याच्या ढिगातून नुसतं डोकं वर काढून. रॉझलिंड चौतीस वर्षांची होती आणि गॅरेथशी तिचं सात वर्षं जमलेलं होतं. गॅरेथ हा गावचा जनावरांचा डॉक्टर. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा गडी, पण क्रॅबट्रींसमोर आला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्यानं लग्नाबद्दल विचारलं होतं तेव्हा क्रॅबट्री फक्त "हं" म्हणाले होते. त्या 'हं'चा अर्थ लावता लावता तो बिचारा पाच किलोनं उतरला होता.

पुलाशी आले तर दिवा लाल.

"बघितलंत?" क्रॅबट्री खूश झाले. "किती स्वच्छ लाल आहे!"

तीन मिनिटं गेली. पाच गेली. पुलापलीकडे गफ नावाचा शेतकरी ट्रॅक्टरवर बसलेला दिसत होता. तोही हलत नव्हता, म्हणजे त्याचाही दिवा लालच. मागे दुकानवाल्या ईनिड प्रॉसरची गाडी येऊन थांबली, तिच्यामागे आणखी दोन. हॉर्न कुणीच वाजवला नाही.

"बाबा, दोन वाजून गेले," रॉझलिंड म्हणाली.

"होईल हिरवा."

"आणि नाही झाला तर?"

"लाल म्हणजे लाल, बेटा. तुझ्या बापानं आयुष्यात एक लाल सिग्नल मोडलेला नाही."

"मोडा की आज! माझं लग्न आहे!"

"आणि समोरून आगगाडी आली तर?"

"समोरून गफ आहे!"

क्रॅबट्री खाली उतरले आणि लाल दिव्याकडे बोट दाखवत गफला हात केला. गफला वाटलं, ते 'तू आधी' म्हणताहेत. त्यानं टोपी काढून उलटा हात केला, 'छे छे, नवरी आधी.' क्रॅबट्रींनी पुन्हा दिव्याकडे हात केला. गफनं पुन्हा टोपी काढली. मोबाइल तिथं कधी लागत नाही, आणि नदीच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता. पाद्रीबाईंना तर तीनला निघून शेजारच्या गावी एका बाळाच्या बाप्तिस्म्याला जायचं होतं!

इतक्यात मिस विनिफ्रेड ओकली कुत्र्याला घेऊन पुलावरून डुलत डुलत अलीकडे आल्या. वय चौऱ्याऐंशी, एका कानानं मुळीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं फक्त आवडेल तेवढंच. कुत्र्याचं नाव कर्नल.

"लग्न नाही का आज?" त्यांनी खिडकीत डोकावून विचारलं.

"मिस ओकली, देवासारख्या आलात!" क्रॅबट्री म्हणाले. "चर्चमध्ये जाऊन एवढं सांगाल? म्हणावं, परवानगी मिळत नाही तोवर रॉझलिंड येऊ शकत नाही."

"परवानगी," मिस ओकलींनी घोकलं. "चल रे कर्नल."

पंधरा मिनिटांनी त्या परत आल्या. तोवर ईनिडनं थर्मासमधला चहा रांगेत फिरवला होता आणि झग्यावर सांडू नये म्हणून रॉझलिंडला बशी धरून पाजला होता.

"गॅरेथ विचारतोय, त्याचं काय चुकलं?"

"त्याचं?" क्रॅबट्री चकित झाले. त्यांना वाटलं, पोरगा बिघाडाची चौकशी करतोय. "त्याला म्हणावं, दोष आतला आहे. बाहेरून बघून नाही समजायचा. मला पहिल्या दिवसापासून शंका होतीच, पण म्हटलं, बघू महिनाभर."

"बाबा, हा निरोप नीट आहे का?" रॉझलिंडनं विचारलं.

"तांत्रिक भाषेत असंच बोलतात."

मिस ओकली आणि कर्नल पुन्हा पूल ओलांडून गेले. अडीच वाजले. रांगेत आता अकरा गाड्या होत्या. डोरीनबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लेनर्ड," त्या समोर बघत म्हणाल्या, "सात वर्षं मी या दिवसाची वाट बघतेय."

"मला माहीत आहे."

"तुझ्या चौदा पत्रांची पाकिटं मी चिकटवलीत."

 क्रॅबट्रींनी दिव्याकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना लाल रंगाचा राग आला. त्यांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला... आणि गाडी बंद केली. "नाही होत गं माझ्यानं," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

तेवढ्यात पुलावरून कुणीतरी धावत येताना दिसलं. काळा सूट, कोटाला गुलाब, कानापर्यंत लाल! गॅरेथच तो. गफच्या ट्रॅक्टरला वळसा घालून, अख्खा पूल पार करून तो गाडीशी येऊन धापा टाकत उभा राहिला.

"मिस्टर क्रॅबट्री," त्यानं कसंबसं तोंड उघडलं, "तुम्ही परवानगी देत नाही म्हणे. आणि माझ्यात आतून दोष आहे, पहिल्या दिवसापासून शंका होती म्हणे! माझी आई तिकडे रडतेय. निदान कुठला दोष, एवढं तरी सांगा!"

क्रॅबट्री दार उघडून उतरले. "अरे, तुझ्यात कसला दोष? मी या दिव्याबद्दल बोलत होतो!"

"दिव्याबद्दल?"

"तू तर चांगला मुलगा आहेस. आमच्या रॉझलिंडला तुझ्यापेक्षा चांगला मिळाला नसता. मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मग 'हं' का म्हणालात?"

"म्हणजे 'हो'च ना!"

गॅरेथला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं क्रॅबट्रींचा हात दोन्ही हातांत धरून पंपासारखा हलवला. डोरीनबाईंनी टोपीच्या फुलांनीच डोळे टिपले. ईनिडनं काच खाली करून नाक शिंकरलं.

मग रॉझलिंड म्हणाली, "गॅरेथ, तू आलास कसा?"

"कसा म्हणजे? पायी."

 सगळ्यांनी पुलाकडे पाहिलं. मिस ओकली आणि कर्नल आता पाचव्यांदा तो ओलांडत येत होते.

"बाबा," रॉझलिंड सावकाश म्हणाली, "दिवा गाड्यांसाठी असतो ना?"

क्रॅबट्रींनी दोघींना खाली उतरवलं. गाडीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि लेकीपुढे हात केला.

झग्याचा घोळ गॅरेथनं उचलला, नवऱ्यानं नवरीला आधी बघू नये वगैरे गोष्टी नदीत गेल्या. गफनं ट्रॅक्टरवर उभं राहून टोपी काढली. तीनला बारा मिनिटं कमी असताना रॉझलिंड चर्चच्या दारात पोचली. पाद्रीबाईंनी प्रवचन गाळलं, दोन प्रार्थनागीतांचं एक केलं, आणि तीनच्या ठोक्याला दोघं नवराबायको झाले. तीनचा ठोका चुकला नाही, हे क्रॅबट्रींनी डोरीनबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी कोपर मारलं.

सभागृहात सगळे सँडविचवर तुटून पडले तेव्हा कुणीतरी विचारलं, "केक कुठाय?"

केक डिकीत होता. क्रॅबट्री एकटेच लगबगीनं पुलाकडे निघाले. शेतातली मेंढरं आणायला मागे फिरलेला गफ वाटेत त्यांची गाडी ट्रॅक्टरनं ओढत पुन्हा पुलाकडे येताना भेटला.

"सुरू झाला बरं का तुमचा दिवा!" तो ओरडला. "तुम्ही गेलात तसा मी उतरलो आणि दिव्याखालच्या त्या पेटीला एक लाथ घातली. लगेच हिरवा! तेव्हापासून चार-चार मिनिटांनी बदलतोय, काय झक्क!"

"लाथ?" क्रॅबट्रींचं तोंड उतरलं. "मग... केव्हापासून?"

"झाला की तासभर!"

क्रॅबट्री पुढे धावू लागले. पूल ओलांडून पोचले तेव्हा दिवा हिरवागार होता. त्याखाली त्यांची कुलूपबंद गाडी उभी होती, आणि तिच्यामागे टेकडीच्या वळणापर्यंत गाड्याच गाड्या! पांढरी अखंड रेघ ओलांडून पुढे जायचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं. कुणी शब्दकोडं सोडवत होतं, कुणी पेंगत होतं. ईनिडचा थर्मास संपला होता.

"तुम्ही... तुम्ही थांबून राहिलात?" क्रॅबट्रींनी तिला विचारलं.

"आम्हाला वाटलं, तुम्ही गाडी मुद्दाम ठेवली असेल," ईनिड म्हणाली. "तुम्हाला या विषयातलं कळतं ना."

क्रॅबट्रींचे कान तापले. त्यांनी घाईघाईनं दार उघडलं, आत बसले, दोनदा किल्ली पाडली, गाडी सुरू केली. आणि मान वर केली तर दिवा लाल.

त्यांनी हँडब्रेक ओढला.

तेव्हा मागून हॉर्न वाजला. अगदी आखूड, लहान मुलानं शिंक दाबावी तसा. क्रॅबट्रींनी आरशात पाहिलं. ईनिड प्रॉसर गाडीतून उतरून लगबगीनं त्यांच्याकडे येत होती, चेहरा शरमेनं लालबुंद.

खिडकीशी वाकून ती म्हणाली, "माफ करा हं, मिस्टर क्रॅबट्री. कोपर लागलं चुकून."