जेवायची कवळी, पढायची कवळी

जुबेदाखालांकडे दातांच्या दोन कवळ्या आहेत. एक जेवायची आणि एक पढायची. जेवायची निळ्या डबीत असते, पढायची हिरव्या डबीत. त्यांची अदलाबदल झाली की त्या घरात जो आरडाओरडा होतो, तो मी भिंतीपलीकडून अनेकदा ऐकला आहे. दोन्ही कवळ्या मीच बनवल्यात, त्यामुळे शेवटी त्यात माझाही उद्धार होतो.

मी दात बनवतो. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतात, मी टेबलावर बघतो. मूळ गाव कराडजवळ, पण बहारीनमध्ये आता इतकी वर्षं झाली की गावी गेलो तर लोक पाहुण्यासारखा चहा विचारतात. मनामातल्या एका लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप तयार करायच्या आणि गाडीत घालून क्लिनिकांना पोचवायच्या, हे माझं काम. राहायला झिंजमध्ये. इमारतीच्या तळाला कोल्ड स्टोअर आहे, तिथे दुधापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळं मिळतं. तिसऱ्या मजल्यावर मी, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून शिपिंग कंपनीत क्लार्क असलेला इरफान, त्याची बायको आणि त्याची आई, म्हणजे आपल्या जुबेदाखाला. मूळच्या रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातल्या.

दुपारी एक ते चार बहारीन झोपतं. दुकानांची शटर खाली येतात आणि एसीची घरघर तेवढी उरते. या वेळात मी आडवा झालो की भिंतीतून खालांचा आवाज यायचा. एकच अक्षर. मग थांबायचं. परत तेच अक्षर. मला अरबी ओ की ठो येत नाही. अर्धवट झोपेत वाटायचं, लांब कुठेतरी विहिरीत कोणी घागर बुडवतंय. घागर भरायची, वर यायची, परत बुडायची. सुरुवातीला मी वैतागून उशी कानावर घ्यायचो. पुढे सवय अशी लागली, की एकदा खाला तापाने आजारी पडल्या आणि दोन्हीकडे कुणाचीच झोप झाली नाही.

एकदा जिन्यात मी विचारलंच, "खाला, दुपारी काय चालतं तुमचं?"

"हरफं घोटते," त्या म्हणाल्या. "तुला काय कळणार म्हना. पन तू दातवाला हायस, तुला कळायला पायजे."

मग तिथेच, हातात कोथिंबिरीची जुडी धरून, त्यांनी मला पहिला धडा दिला. कुराणातली काही अक्षरं जड असतात, बाकीची हलकी. जड अक्षराला जीभ मागून टाळूकडे उचलायची आणि तोंड आतून भरायचं. हलक्याला जीभ खाली, मोकळी. सात अक्षरं कायमची जड, ती कुणाच्या बापाला भीत नाहीत. बरीचशी जन्माची हलकी. आणि 'र' मात्र कधी असा, कधी तसा, त्याच्या शेजारी कोण आहे ते बघून वागतो.

या हिशेबात त्यांनी सगळी दुनिया बसवली होती. इरफान हलका. सून जड, पण चांगल्या अर्थाने. सखीरला शर्यतीच्या गाड्या धावतात त्या टीव्हीवर बघून म्हणाल्या, "सगळ्या जड, एकीला हलकं म्हनून ठावं नाय." कोल्ड स्टोअरवाल्या मल्याळी पोराने 'खलास' म्हटलं की त्याला काउंटरवर उभा ठेवून त्यातला 'ख' आणि 'स' घासूनपुसून घ्यायच्या. बिचारा साखर संपली हे सांगायलाही कचरू लागला.

"आणि मी, खाला?" मी विचारलं.

"तू 'र' हायस," त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर घेऊन आत गेल्या. मला बरेच दिवस ते लागून राहिलं होतं.

पहिली कवळी, म्हणजे निळ्या डबीतली, मी शेजारधर्म म्हणून मन लावून बनवली होती. भक्कम, जाड टाळूची, कुरल्यांचं कवच फुटेल अशी. खालांनी ती घातली, भाकरी खाल्ली, दुवा दिला. दुसऱ्या दिवशी इरफान दारात उभा.

"भाई, अम्मी म्हणते कवळी परत घ्या. यात ज्वाद बसत नाही."

"काय बसत नाही?"

"एक अक्षर आहे."

आता माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, तुझ्या आईला लॅबमध्येच घेऊन ये. खाला आल्या, खुर्चीत बसल्या आणि मला समजावू लागल्या. सगळ्यात अवघड जड अक्षर जिभेच्या कडेने निघतं. कड वरच्या दाढांना आतून टेकली पाहिजे. तुझी टाळू जाड, माझी जीभ उचलायला जागाच नाही. आणि डावीकडची दाढ बाहेर गेलीय, ती जरा आत घे.

"खाला, दाढ चावायला असते."

"चावायला ही ऱ्हाऊ दे की. मना दुसरी कर. पढायची."

अशी मागणी माझ्या आयुष्यात कोणी केली नव्हती. मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात त्या खाली बघत म्हणाल्या, "मी गावातल्या पोरींना शिकवलंय रे. आमच्या ओटीवर. सगळ्यांना चुकीचं शिकवलंय."

मग कळलं ते असं. कित्येक वर्षं खालांच्या ओटीवर गावातल्या मुली कुराण पढायला यायच्या. खालांना जसं त्यांच्या आईने शिकवलं होतं, तसं त्यांनी शिकवलं. गावात सगळेच सगळं हलकं पढायचे, त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. नवरा वारल्यावर त्या इरफानकडे बहारीनला आल्या आणि वेळ जावा म्हणून गल्लीतल्या बायकांच्या कुराणाच्या वर्गात जाऊन बसल्या. तिथली उस्ताजा, म्हणजे शिकवणारी बाई, त्यांच्या नातीच्या वयाची. तिने पहिल्या दिवशी ते एक अक्षर म्हणून दाखवलं आणि खालांच्या ध्यानात आलं, की आपण ते जन्मभर हलकंच म्हणत आलोय.

"पोरी मोठ्या झाल्या, त्यांनी त्यांच्या पोरींना शिकवलं," खाला म्हणाल्या. "माझी चूक किती घरांत नमाज पढते, बग. ती मी परत गोळा करनार. पन तोंडात दात नाय तर त्यांना दाखवू काय, माझं कपाळ?"

"मग तुमच्या बाई काय म्हणतात?"

"म्हनते, ज्याला दात नाय त्याला माफ हाय. जिभेवर जेवढं येतं तेवढं अल्ला कबूल करतो." त्यांनी नाक मुरडलं. "बाई गुनाची हाय. पन मी सांगितलं तिला, मना माफी नको. मना दात पायजेत."

मी ती कवळी बनवली. टाळू इतकी पातळ घासली की उजेडात धरली तर बोट दिसावं. दाढा आत घेतल्या, आतली बाजू चकचकीत केली. मेणाचा कच्चा साचा तोंडात घालून खाला तीन वेळा येऊन अक्षरं म्हणून गेल्या. माझ्या शेजारी बसणारा फिलिपिनो सहकारी मशीन बंद करून ऐकत राहायचा. शेवटच्या वेळी ते अक्षर त्यांच्या तोंडातून निघालं आणि त्यांनी डोळे मिटले. मला अरबी येत नाही, पण ते बरोबर होतं हे मलाही कळलं. एवढी चांगली कवळी मी आधी बनवली नव्हती आणि पुढेही बनवीन असं वाटत नाही. फक्त तिने साधा खजूरही चावायचा नाही, ही अट. एकदा एका दावतीला त्या चुकून हिरव्या डबीतले दात घालून गेल्या आणि बिर्याणीपुढे हात जोडून बसल्या. लोकांना वाटलं, म्हातारीला काहीतरी मोठा आजार झालाय.

मग खालांचे फोन सुरू झाले. एक विद्यार्थिनी मुंब्र्यात, एक कुवेतला, एक नैरोबीत, बाकी गावात आणि आसपास. बहुतेक जणी स्वतःच आज्या झालेल्या. खाला हिरवे दात घालून अक्षर म्हणायच्या, समोरच्या बाईंनी ते म्हणायचं. न जमलं तर उद्यापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायचा. मुंब्र्याच्या बाईंच्या आवाजात मागून कुकरची शिटी यायची. "शिटी बरोबर वाजली," खाला कळवायच्या, "तू परत म्हन."

कुवेतच्या बाई एकदा रडकुंडीला आल्या. "खाला, आता या वयात जीभ वळत नाय हो."

"माझी वळली. माझ्याकडे दात पन उसने हायत."

रागवायच्या, पण फोन ठेवताना प्रत्येकीला म्हणायच्या, "चूक तुझी नाय हां. माझी हाय." हे वाक्य मी भिंतीतून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा ओळखीन.

एका संध्याकाळी इरफानने मला विचारलं, जुन्या कॅसेटवरचा आवाज मोबाइलवर कुठे घेऊन मिळेल का. त्याचे वडील बहारीनमध्ये कामाला होते तेव्हा गावाहून पत्राऐवजी कॅसेट यायच्या. घरातले सगळे पाळीपाळीने बोलायचे, कोंबडासुद्धा ओरडून घ्यायचा. एका कॅसेटवर इरफानची मोठी बहीण शमा वडिलांसाठी अल्हम्दची सूरत पढली होती. कुराणाची पहिली सूरत, पोरं आधी तीच शिकतात. शमा तेव्हा नऊ वर्षांची. त्याच पावसाळ्यात तापाने ती गेली. वडिलांनी ती कॅसेट शेवटपर्यंत जपून ठेवली होती.

"अम्मीची पहिली विद्यार्थिनी तीच," इरफान म्हणाला. "सगळ्यांना फोन करते, पण शमाआपाचं नाव काढत नाही. त्या सूरतच्या शेवटी तेच अक्षर आहे, भाई. अम्मी ऐकेल आणि तिला त्रास होईल, असं वाटतं. पण मागते आहे."

मनामातल्या एका दुकानात ते काम झालं. आवाज खालांच्या मोबाइलवर आला.

त्या अधूनमधून माझ्या गाडीतून यायच्या. घरी सगळे कामाला गेले की त्यांना करमायचं नाही, आणि गाडीच्या काचा वर केल्या की पढायला शांतता. परवा अमवाज बेटावरच्या एका क्लिनिकला पार्सल द्यायचं होतं. पुलावर दोन्ही बाजूंना पाणी, आणि हवा इतकी दमट की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. खाला मागच्या सीटवर हलक्या आवाजात पढत होत्या. घागर बुडत होती, वर येत होती. मला गाडी चालवताना डुलकी येईल की काय, अशी भीती वाटली.

पोचलो तर क्लिनिक बंद. चारला उघडणार. मी गाडी पाण्याकडे तोंड करून लावली, एसी चालू ठेवला, सीट मागे केली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने मागून एका लहान मुलीचा आवाज आला. खरखरीत, लांबून येणारा. मध्ये एक कोंबडा ओरडला, झोपाळ्याची कडी करकरली. मुलगी ठेचकाळत, सुरात पढत होती. शेवटच्या ओळीला ती अडली. तेव्हा एका तरुण बाईने हळूच तिला ते अक्षर सांगितलं. मुलीने ते जसंच्या तसं उचललं. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. त्या तरुण खाला होत्या.

मी वाट बघत होतो की आता खाला काहीतरी म्हणतील. कोल्ड स्टोअरवाल्या पोरालाही न सोडणारी बाई. पण आधी ओढणी सारखी केल्याची सळसळ झाली. मग प्लॅस्टिकच्या डबीचं झाकण उघडलं, आत काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज आला, आणि झाकण लागलं.

मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी खाला तिच्याबरोबर पढू लागल्या, बोळक्या तोंडाने, हिरड्यांवरून शब्द घसरत. शेवटच्या ओळीला मुलगी अडली, तरुण बाईने सांगितलं, मुलीने म्हटलं, म्हातारीने म्हटलं. तिघींच्या तोंडी ते अक्षर सारखंच हलकं होतं.

मला रडू आलं. ते लपवायला मी घोरायला लागलो, आणि ते फारच खोटं झालं असावं.

"जागा हायस ना रे?" खाला म्हणाल्या.

"आत्ताच डोळा लागला होता, खाला. कवळी टोचते का?"

"नाय. झ्याक हाय." त्यांनी मोबाइल बंद केला. मग त्या म्हणाल्या, "दात नसले की माफ असतं, बाई म्हनते. शमाबरोबर पढताना मी ती माफी घेते. नायतर मना तिची चूक काढायला लागंल." मग घाईने म्हणाल्या, "उस्ताजाला सांगू नको हां. तिला मी मोठ्या तोऱ्यात नको म्हनून सांगितलंय."

मी मान हलवली आणि चार वाजल्यावर क्लिनिकचं पार्सल घेऊन उतरलो. परत आलो तेव्हा खाला कुवेतच्या बाईंना फोनवर झापत होत्या, आणि हिरवी डबी त्यांच्या मांडीवर उघडी, रिकामी पडली होती.